फाईल कुणाच्या घरात? राखीव जागेवरच्या एका सदस्येच्या कागदांचा खर्च

हे प्रकरण पन्हाळा तालुक्यातल्या कासारी नदीकाठच्या एका गावातल्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्येचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. रकमा मात्र तिच्या वहीत आहेत तशाच ठेवल्या आहेत. महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात मी कागदपत्रांचा तास घेते. तिथे ओळख झाली. तिला इथे नुसतं ताई म्हणते.

पार्श्वभूमी

ताईंचं गाव नऊ सदस्यांचं. वस्ती तीन हजारांच्या आतली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात हे गावही होतं. ताईंचा प्रभाग ओबीसी महिला राखीव निघाला आणि गावातल्या पॅनेलला बाई हवी झाली. पॅनेलचे नेते आबा. दूध संस्था त्यांच्याकडे, पोल्ट्री त्यांची, सेवा सोसायटीत शब्द त्यांचा. प्रभागात त्या प्रवर्गातली घरं चार. दोन घरांत तीन-तीन मुलं, म्हणजे १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांच्या अटीत ती बाद. तिसऱ्या घरातली सून पुण्याला. उरल्या ताई. दहावी शिकलेल्या, दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या, नवरा कागलच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला.

आबा घरी आले तेव्हा ताईंच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसं किती लागत्यात?" आबांचं उत्तर कोल्हापुरात शंभर गावांत ऐकायला मिळेल असंच होतं, "तुमी फकस्त सही करा. कागदाचं आमी बघतो."

या एका वाक्यात पुढचं सगळं प्रकरण आहे. त्या वेळी ते कुणालाच खटकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खटकलं नसतं.

काय काय लागतं ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अनामत भरली की झालं. ग्रामपंचायत सदस्याची अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १००. ती तर सगळ्यांत हलकी. त्याच्याशिवाय जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र (म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचा कागद) किंवा त्यासाठी अर्ज केल्याची पोहोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र, शौचालय वापराचा दाखला, घरफाळा-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, अपत्यांचं आणि मालमत्तेचं घोषणापत्र, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब. नऊ सदस्यांच्या गावात खर्चाची मर्यादा २५,००० रुपये, पण हिशोब शून्याचा असला तरी द्यावा लागतो. नाही दिला तर अपात्रता.

यातल्या प्रत्येक कागदाला थोडं-थोडं काहीतरी पडतं. सरकारी पावतीवर ते किरकोळ असतं. पण कागद पावतीवर मिळत नाही, तो हेलपाट्यावर मिळतो.

वैधतेचा कागद इतका जड का

राखीव जागेवर निवडून आल्यावर बारा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर निवडच मागच्या तारखेपासून संपते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत बंधनकारक असल्याचं सांगितलं आणि कोल्हापूर महापालिकेतल्या डझनावर नगरसेवकांच्या खुर्च्या एका दिवसात डळमळल्या. मग शासनाने कायदा बदलून बारा महिने केले. शहरातल्या नगरसेवकाकडे वकील असतो, शिवाय पेपरात बातमी येते. गावच्या सदस्येकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

दुसरं असं की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची, आणि लग्न झालेल्या बाईची जात ठरते माहेराहून. म्हणजे कागद सासरी सापडतच नाहीत. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. ताईंचं माहेर भुदरगड तालुक्यात. वडील वारलेले, आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. आजोबांच्या भावाच्या जन्माची नोंद गाव नमुना १४ मध्ये असल्याचं कुणीतरी सांगितलं, पण ती संस्थानकाळातली, मोडीत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. त्याच्या आधीचे कागद वाचायचे तर मोडी जाणणारा माणूस गाठायचा, त्याचं लिप्यंतर घ्यायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. एका भांगलणीवाल्या बाईने पंचायतीत बसायचं म्हणून पणजोबाच्या घरातला मोडी कागद वाचून घ्यायचा, हे ऐकायला गमतीचं वाटतं. गारगोटीचे चार हेलपाटे झाल्यावर वाटत नाही.

पहिला निर्णय: ३० डिसेंबर २०२०

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. संकेतस्थळ इतकं अडखळत होतं की आयोगाने त्या दिवशी कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली. ऑनलाइन भरण्यासाठी आणि झेरॉक्ससाठी ताईंच्या नावावर ७०० रुपये आधीच गेले होते. शेवटी अर्ज हातानेच लिहून दिला.

त्या गडबडीत दोन गोष्टी घडल्या. पॅनेलच्या पोराने ताईंचे सगळे मूळ कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरात घातले आणि म्हणाला, "वहिनी, हे आमच्याकडं ऱ्हाऊ दे, घरात उंदीर खात्यात." आणि वैधतेचा अर्ज भरताना मोबाईल नंबर टाकायच्या जागी त्याने स्वतःचा नंबर टाकला. ताईंच्या घरात एकच स्मार्टफोन, तो नवऱ्याबरोबर कागलला. त्यामुळे तेही सोयीचंच वाटलं.

ताईंनी एक गोष्ट मात्र स्वतःच्या डोक्याने केली. मुलीच्या शंभर पानी वहीच्या मागच्या पानावर त्यांनी प्रत्येक खर्च लिहायला सुरुवात केली. कशासाठी, विचारलं तर म्हणाल्या, "कुणाचं किती देणं हाय ते म्हायती पायजे की."

अडचण

ताई निवडून आल्या. पॅनेलला पाच, समोरच्यांना चार. फेब्रुवारीत सरपंच-उपसरपंच निवडीत ताईंनी पॅनेलला मत दिलं; त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मार्चमध्ये वैधतेचं काय झालं असं विचारल्यावर "चालू हाय" असं उत्तर मिळालं. मग लॉकडाऊन आला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पूर आला आणि ताईंच्या गल्लीत गुडघाभर पाणी चार दिवस उभं राहिलं.

ऑगस्टच्या मासिक सभेत पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांचा विषय होता. आबांच्या मनात पोल्ट्रीकडे जाणारा रस्ता काँक्रीटचा करायचा होता. ताई म्हणाल्या, गल्लीतली गटर आधी करा, पाणी अजून मुरलेलं नाही. पाच-चारच्या पंचायतीत पाचवीने तोंड उघडलं की सभा थांबते. ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

त्या संध्याकाळी पॅनेलचा पोरगा घरी आला. धमकी म्हणावी असं काहीच तो बोलला नाही. चहा घेतला, लेकराला चॉकलेट दिलं आणि जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "वहिनी, आबांनी तुमच्यापायी वीस हजार घातलेत. अन् फाईल बी आमच्याकडंच हाय. जानेवारी लांब न्हाई."

सप्टेंबरमध्ये ताई प्रशिक्षणाला आल्या ते हे वाक्य आणि ती वही घेऊन.

वही

मी वही समोर ठेवून बेरीज केली. अनामत १००. घरफाळा-पाणीपट्टीची थकबाकी ३,८७०. ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्स ७००. शंभराचे सहा स्टॅम्पपेपर, एकेक १२० ला घेतलेला, म्हणजे ७२०. टायपिंग आणि नोटरी ९००. बँक खातं उघडताना १,०००. वैधता अर्जाचा खर्च, फोटो धरून, ८५०. जुन्या नोंदींच्या नकला २४०. मोडी लिप्यंतर १,५००. गारगोटी आणि कोल्हापूरचा प्रवास १,१६०. हा ताईंनी स्वतः केला. आणि "लवकर करून देणाऱ्या" माणसाला ४,०००.

बेरीज १५,०४०. प्रवास वजा जाता पॅनेलने घातलेले १३,८८०. वीस हजार नव्हेत.

वहीत एक खर्च नव्हताच. किती दिवस कामाला गेला नाहीत, विचारलं तर ताईंनी बोटं मोजली, तेरा. अडीचशे रुपये रोजाने ३,२५० रुपयांचे खाडे. ते त्यांनी का लिहिले नाहीत? "ते माझंच गेलं की. त्याला काय लिवायचं?"

मग आम्ही त्याच आकड्यांची वेगळी वाटणी केली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच तास सर्वांत उपयोगी ठरला. अनामत आणि बँकेतले हजार हा खर्चच नाही, ते पैसे तिचेच आहेत. थकबाकी ३,८७० ही निवडणूक नसती तरी कधीतरी भरायचीच होती. स्टॅम्पपेपरचे ७२० आणि एजंटचे ४,००० निव्वळ वाया गेले. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात १ जुलै २००४ पासून माफ आहे; साध्या कागदावर चालतं. हे मोठ्या तोंडाने लिहिते आहे खरी, पण २०१९ पर्यंत मीही माझ्या तासाला "शंभरचा स्टॅम्प लागतो" असंच सांगत होते. मला शिकवणाऱ्याने तसं सांगितलं होतं, आणि त्याला बहुधा स्टॅम्प विकणाऱ्याने.

उरले ५,३५० रुपये. पदावर बसण्यासाठीच पडलेला, टाळता न येणारा खर्च एवढाच.

सदस्याला तेव्हा सभेचा भत्ता २०० रुपये. महिन्याला एक सभा धरली तर हे ५,३५० फिटायला सत्तावीस सभा लागतात. पाच वर्षांचा सगळा भत्ता १२,०००. वहीतली पूर्ण बेरीज त्याहून जास्त.

कोणी भरायचे? तोलून पाहिलेले पर्याय

पॅनेलने भरू देणं आणि गप्प बसणं हा पहिला पर्याय. याला हसू नये. बहुतेक राखीव सदस्या याच वाटेने पंचायतीत येतात, आणि पॅनेल नसतं तर ताईही आल्या नसत्या. आबांचंही म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं: आम्ही पैसे, गाडी, माणूस दिला, मग शब्द पाळायला नको? फक्त, हा शब्द कशाबद्दल होता ते कधीच ठरलं नव्हतं. ताईंना वाटत होतं उपसरपंचाच्या मताबद्दल. आबांना वाटत होतं पाच वर्षांबद्दल.

दुसरा पर्याय पंचायतीने भरण्याचा. ताईंनी ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं. ते सरळ माणूस. म्हणाले, "ताई, वैधता तुमच्या नावाची आहे, पंचायतीच्या नावाची नाही. उद्या तुमच्या भावाच्या पोराला ॲडमिशनला चालेल. गावनिधीतून दिली तर ऑडिटला मी काय दाखवू?" लेखापरीक्षणात असा खर्च नामंजूर झाला तर वसुली मंजूर करणाऱ्यांच्याच अंगावर येते. मला हे उत्तर आवडलं नाही, पण खोडता आलं नाही. शिवाय पंचायतीने भरायचं म्हणजे ठराव लागणार, आणि ठरावाला बहुमत कुणाचं? आबांचंच. फाईल एका घरातून निघून त्याच घरात परत गेली असती.

लोकवर्गणीचा विचार गल्लीतल्या दोघांनी काढला. ताईंनीच नको म्हटलं. पुरात घरातलं धान्य भिजलेल्या माणसाकडे माझ्या दाखल्याला पैसे मागू का, असं त्यांचं म्हणणं. मला आणखी एक भीती होती: वर्गणी देणारे पन्नास झाले की नेतेही पन्नास होतात.

सरकारने भरावेत हा चौथा. तत्त्व म्हणून मी याच बाजूची आहे. जागा राखीव शासन करतं, कागदाची अट शासन घालतं, मुदत शासन ठरवतं. खुल्या जागेवरच्या सदस्याला यातला निम्मा खर्च पडतच नाही. म्हणजे ज्याला संधी द्यायची म्हणून जागा राखली, त्याच्याच दारात जास्तीचं बिल. पण भाऊसाहेबांचा मुद्दा इथेही उभाच राहतो. प्रमाणपत्र आयुष्यभर तिचं. मग त्याचे पैसे सर्वांनी का द्यायचे? माझं उत्तर अर्धंच आहे: प्रमाणपत्र तिचं असलं तरी घाई पदाची होती. घाई नसती तर तिने मोडी कागद धुंडाळले नसते, एजंटही धरला नसता. घाईचा खर्च घाई लावणाऱ्याने द्यावा. काहीही असो, २०२१ च्या सप्टेंबरात ही वाट नव्हती, आणि हातात चार महिने होते.

राहिला पाचवा, ताईंनी स्वतः भरायचा.

काय केलं

दोन कामं एकाच वेळी सुरू केली: कागद ताब्यात घेणं आणि देणं फेडणं. कुठलं आधी, यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होते, आधी फाईल आणा, मग पैशांचं बघू. ताई म्हणाल्या, "पैसं न देता फाईल मागितली तर मी हरामखोर ठरते." त्या गावात त्याच राहतात, मी नाही. त्यांचं ऐकलं.

बचत गटातून दहा हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी, दहा हप्त्यांत. आबांना किती द्यायचे? १३,८८० मधून एजंटचे ४,००० आम्ही वगळले, कारण तो माणूस पॅनेलचाच होता आणि त्याने काही केलेलं नव्हतं. राहिले ९,८८०. ताई नवऱ्याला घेऊन आबांच्या घरी गेल्या, रक्कम पुढे ठेवली आणि पावती मागितली. आबा भडकले. "माझ्याकडं पावती मागतीस? म्या काय सावकार हाय?" पैसे घेतले नाहीत.

दोन दिवसांनी ताईंनी तीच रक्कम बँकेतून आबांच्या खात्यावर पाठवली. पासबुकातली ओळ हीच पावती. ती रक्कम परत आली नाही. पुढच्या आठवड्यात पॅनेलचा पोरगा खताच्या दुकानाच्या पिशवीतून फोल्डर घेऊन आला आणि उंबऱ्यावर ठेवून गेला. आतली एक प्रमाणित नक्कल गायब होती. मुद्दाम की हयगयीने, सांगता येत नाही.

मोबाईल नंबरचं कोडं फाईलपेक्षा मोठं निघालं. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात ताई आधारकार्ड आणि साध्या कागदावरचा विनंतीअर्ज घेऊन स्वतः गेल्या, तेव्हा कळलं की त्रुटीचा संदेश काही महिन्यांपूर्वीच गेला होता: वडिलांच्या बाजूचा आणखी पुरावा द्या. संदेश गेला पॅनेलच्या पोराच्या फोनवर. त्याने तो वाचला की नाही, माहीत नाही. नंबर बदलून मिळाला. त्या दिवशी ताईंनी नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये स्वतःचं सिम घातलं. माझ्या मते तीन महिन्यांतला सगळ्यांत मोठा बदल तो.

आता पुरावा. मोडी लिप्यंतर हातात होतं, पण पणजोबापर्यंतची वंशावळ जुळवायला एक दुवा कमी पडत होता. बोलता बोलता ताई म्हणाल्या, "चुलतभावाच्या पोराला इंजिनिअरिंगला व्हॅलिडिटी मिळालीया." मी जागची उठले. वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाची वैधता हा सगळ्यांत भक्कम पुरावा. तो पहिल्याच दिवशी जोडला असता तर बाकीची निम्मी धावपळ टळली असती. आधी का नाही सांगितलं? विहिरीच्या वाटणीवरून त्या घराशी सहा वर्षं बोलणं बंद होतं, आणि जातीच्या कागदासाठी भाऊबंदकीत पदर पसरायचा म्हणजे माहेरात मान खाली.

शेवटी आत्या मध्ये पडली. आत्या म्हणजे ऐंशीच्या घरातली बाई. ती दोन्ही घरांत जेवायची आणि दोन्ही घरांना शिव्या द्यायची. तिने चुलतभावाला सांगितलं, "हिरीचं पाणी तुझं असंल, आज्जा दोघांचा हाय." त्याने प्रमाणित प्रत आणि नात्याचं शपथपत्र दिलं. तेही साध्या कागदावर, फुकट.

निष्पत्ती

डिसेंबर २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात वैधता मिळाली. ३ जानेवारी २०२२ ला ताईंनी ती तहसील कार्यालयात देऊन पोहोच घेतली. मुदत संपायला पंधरा दिवस होते.

गटर झाली का? अर्धी. ऑक्टोबरच्या सभेत ताईंनी समोरच्या चौघांबरोबर मत दिलं नाही, आबांबरोबरही नाही. दोन्ही कामांना थोडी-थोडी रक्कम असा ठराव मांडला आणि तो झाला. गल्लीतल्या लोकांना वाटलं ताईंनी कच खाल्ली. आबांना वाटलं बाई हातातून गेली. पॅनेलच्या बैठकांचं बोलावणं बंद झालं, आणि दूध संस्थेत त्यांच्या म्हशीचं फॅट अचानक कमी लागायला लागलं असं त्या म्हणतात. त्याची नोंद माझ्याकडे फक्त त्यांच्या शब्दावर आहे.

बचत गटाचं कर्ज दहा महिन्यांत फिटलं. व्याज १,१०० रुपये गेलं. ते वहीत लिहिलेलं आहे.

समोरच्या पॅनेलमधल्या एका राखीव सदस्याचं काय झालं तेही सांगायला हवं. त्याचेही कागद नेत्यानेच भरले होते. पण चार मतांनी सत्ता येत नाही म्हटल्यावर नेत्याचा त्यातला रस संपला. अर्ज त्रुटीत पडून राहिला, बारा महिने गेले आणि पद अधांतरी झालं. २०२३ मध्ये शासनाने कायदा करून अशा अनेकांना तात्पुरती मुदतवाढ दिली, तोवर तो सभेला येताना दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या पैशांचा धोका दोन्ही बाजूंनी असतो: गरज असली तर भरणारा धरून ठेवतो, नसली तर सोडून देतो.

१ मे २०२२ च्या ग्रामसभेत ताईंनी एक ठराव मांडला: राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याला वैधतेसाठी आलेला पावतीवरचा खर्च शासनाने परत द्यावा. सभेने तो टाळ्यांनी मंजूर केला. टाळ्यांत आबांच्याही होत्या. ठराव वर गेला. त्यावर उत्तर आलेलं ताईंनी पाहिलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, ३० डिसेंबरला मूळ कागद कुणालाही न देणं. पॅनेलने झेरॉक्स घ्यावी, गाडी द्यावी, पैसेही द्यावेत. मूळ कागद आणि फोन नंबर उमेदवाराचाच हवा. हे आता मी तासाच्या सुरुवातीलाच सांगते, भोजनानंतर नाही. भोजनानंतर निम्म्या बाया एसटी गाठायला निघालेल्या असतात.

पॅनेलकडून पैसे घेणं चुकीचंच होतं, असं मी म्हणणार नाही. पण घेतानाच दोन ओळी लिहून ठेवता आल्या असत्या: किती, कशासाठी, आणि परत द्यायचे की नाहीत. ताई म्हणतात, तसं लिहायला मागितलं असतं तर आबांनी तिसऱ्या घरातली सून पुण्याहून बोलावली असती. कदाचित खरं आहे.

माझी चूक थकबाकीच्या बाबतीत झाली असं आता वाटतं. ९,८८० मध्ये घरफाळ्याचे ३,८७० मी पूर्ण धरले. ते देणं ताईंच्या एकट्या नावावर नव्हतं, सासऱ्यांच्या नावावरच्या घराचं होतं आणि त्यात दिराचाही हिस्सा होता. दिराकडून अर्धे मागता आले असते. मी आकडा बघितला, घराच्या उताऱ्यावरची नावं बघितली नाहीत.

आणि आत्याला आधी विचारायला हवं होतं. वैधतेची कुठलीही फाईल हातात आली की आता माझा पहिला प्रश्न असतो: वडिलांकडच्या घरात कुणाला मिळालीय का, आणि त्यांच्याशी बोलणं आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर मोडी वाचणाऱ्याच्या आधी आत्या गाठायची.

२०२६ च्या सुरुवातीला त्या पंचायतीची मुदत संपली. ताई पुन्हा उभ्या राहणार का, विचारलं तर हसल्या. वही अजून त्यांच्याकडे आहे. शेवटच्या पानावर एक ओळ नंतर जोडलेली दिसली, वेगळ्या पेनाने: भावाच्या मुलीने नर्सिंगच्या ॲडमिशनला ताईंच्या वैधतेची प्रत जोडली, त्याची झेरॉक्स. चार रुपये. ते भावाकडून घेतल्याची खूणही समोर होती.